अब्बांचा फोन

दिवाळीच्या सुट्टीत शिनोलीला घरी होतो. पडवीत माझा बारा वर्षांचा मुलगा मोबाइलवर खेळत बसला होता. मधेच जुन्या फोनसारखी घंटी वाजली आणि मी मान वर केली.

"हा अर्थबाउंड आहे ना?"

"पप्पा, तुमको कैसे मालूम?"

मालूम होतं, कारण २००३ साली पुण्यात बी.एड. करताना मी तो खेळलो होतो. रूमवरच्या मित्राने एका सीडीवरून तो आपल्या कॉम्प्युटरवर टाकला होता. पाठ टाचणं लिहून झाली की आम्ही रात्री आळीपाळीने बसायचो.

खेळ तसा साधा. जपानमध्ये १९९४ साली 'मदर २' या नावाने आला आणि १९९५ मध्ये अमेरिकेत 'अर्थबाउंड' झाला. तो लिहिणारे शिगेसातो इतोई जाहिरातींचे मजकूर लिहिण्यासाठी प्रसिद्ध. लाल टोपीवाला नेस नावाचा मुलगा हातात बॅट घेऊन जग वाचवायला निघतो. लढाई बुद्धिबळासारखी, एक चाल आपली, एक समोरच्याची. समोर कधी भडकलेला कुत्रा, तर कधी पिसाळलेली टॅक्सी. हरलेली जनावरं मरत नाहीत, शांत होतात. नेसच्या जिवाचे आकडे स्कूटरच्या किलोमीटरच्या मीटरसारखे फिरतात. जिवावरचा घाव बसला तरी आकडा शून्यावर यायच्या आत उपाय केला, तर पोरगा वाचतो.

सुरुवातीलाच खेळ तुमचा आवडता पदार्थ विचारतो. मी 'खिमा' लिहिलं होतं. मग नेस दमून घरी गेला की त्याची अमेरिकन आई त्याला खिमा वाढायची. आम्ही पोट धरून हसायचो.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. बरेच दिवस घरी फोन केला नाही, तर नेसला घरची आठवण छळू लागते. ऐन लढाईत तो आईचा विचार करत उभा राहतो आणि त्याची चाल वाया जाते. त्यावर औषध चालत नाही. फोन शोधायचा आणि आईशी बोलायचं, एवढाच इलाज.

आणि वडील? ते पूर्ण खेळात एकदाही दिसत नाहीत. फक्त फोनवर असतात. बँकेत पैसे टाकतात, कुठवर आलास ते नोंदवून ठेवतात. फार वेळ खेळलात, तर स्वतः फोन करून "जरा आराम कर" म्हणतात.

माझे अब्बा १९८८ ते २००४ जेद्दाला ड्रायव्हर होते. त्यांचा फोन शेजारच्या दुकानात यायचा. दुकानदाराने हाक मारली की अम्मी आणि मी पळत जायचो. अम्मी बोलून झाली की रिसीव्हर माझ्याकडे यायचा. "पैसे मिले? पढाई चालू है?" मी "हां" म्हणायचो. मिनिटाचे किती रियाल जातात ते ठाऊक असल्यामुळे आणखी काही बोलावंसं वाटायचं नाही. माझ्या बी.एड.ची फी त्याच रियालांतून भरली गेली. मित्रांसोबत हसत मी त्या खेळातल्या बापाशी बोलायचो, पण त्यात माझे अब्बा आहेत, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

खेळाच्या शेवटी शत्रूवर कुठलंच हत्यार पुरेसं पडत नाही. मग पाउला नावाची मुलगी दुआ मागते. ती दुआ वाटेत भेटलेल्या माणसांपर्यंत पोहोचते, नेसच्या आईपर्यंत पोहोचते आणि शेवटी थेट खेळणाऱ्यापर्यंत. सुट्टीच्या शेवटच्या रात्री आम्ही बापलेक तिथवर आलो. पडद्यावर नेसची आई आली तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. अम्मीच्या इंतकालला सहा वर्षं झाली आहेत.

आता शिनोलीच्या घरी अब्बा आहेत. मी नोकरीच्या गावी. एरवी फोन केला तर पूर्वी अम्मी उचलायची, आता अब्बा उचलतात. आजही पहिला सवाल तोच, "पैसे हैं ना?" मी "हां" म्हणतो आणि दोघेही गप्प होतो. सोळा वर्षं आम्ही एवढंच बोलायला शिकलो, आणि आता मिनिटाचे पैसे लागत नाहीत, तरी त्यापुढचं जमत नाही.

त्या रात्री पोराच्या हातातला मोबाइल चालूच होता. आतल्या खोलीतून अब्बांचा आवाज आला, "बस करो अब, थोडा आराम करो."

पोरगा माझ्याकडे बघून हसला. "पप्पा, दादा भी गेम के अब्बा जैसे बोलते."

सुट्टी संपवून परतलो त्या संध्याकाळी मी शिनोलीला फोन लावला. अब्बांनी पैशांचं विचारायच्या आत मीच विचारलं, "अब्बा, आज क्या खाया?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "खिचडी. नमक कम था." आणि मीठ कमी का पडलं, ते सांगू लागले.