कळ आणि कांच

यंत्र बिघडलें म्हणजे मनुष्यस्वभावाची परीक्षा होते, असें आमचें बरेच दिवसांचें मत आहे. कोणी त्यास थापट मारतो, कोणी लागलीच दुरुस्तीवाल्यास बोलावतो, तर कोणी त्याच्याशीं तर्कशास्त्र लढवूं लागतो. आम्ही या तिसऱ्या पंथाचे. आमच्या लॅपटॉपवर आंकड्यांच्या ओळीच्या वर, जेथें एरवीं कळा असावयाच्या तेथें, कांचेची एक अरुंद पट्टी आहे. हातांतलें काम पालटेल तशीं तिच्यावरील चिन्हें पालटतात. यंत्र कोणत्या घराण्याचें, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. गेल्या पावसाळ्यांत या पट्टीनें बोटास ओळख देण्याचें सोडलें. चिन्हें उजळत, पण त्यांना स्पर्शाची दादच नसे.

कळ दाबली म्हणजे ती खालीं जाते व कार्य घडतें. पट्टीची तऱ्हा निराळी. कांचेखालीं विजेचें सूक्ष्म क्षेत्र असतें. बोट हें वीजवाहक असल्यामुळें तें टेकतांच त्या क्षेत्रांत फरक पडतो, आणि तो मोजून यंत्र स्पर्श ओळखतें. म्हणूनच लोकरी हातमोज्यास ती जुमानीत नाहीं आणि ओल्या बोटानें गोंधळते. ऋतु ध्यानांत घेऊन आम्हीं प्रथम कांच कोरड्या फडक्यानें पुसली, बोटेंहि पुसलीं. गुण आला नाहीं.

जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत व्यतिरेकाची एक रीत सांगितली आहे. दोन प्रसंग एका गोष्टीवांचून सर्वतोपरी सारखे असून एकांत कार्य घडलें व दुसऱ्यांत घडलें नाहीं, तर कारण त्या एका गोष्टींत शोधावें. ही रीत वर्गांत शिकवणें सोपें. ती स्वतःच्या टेबलावर चालवून पाहण्याचा योग क्वचित् येतो. यंत्राच्या पोटांत पट्टीचा कारभार पाहणारा एक स्वतंत्र कारकून, म्हणजे प्रोग्रॅम, असतो. त्यास बंद केलें कीं तो आपोआप पुन्हां सुरू होतो. आम्हीं त्यास बंद केलें. पट्टी क्षणभर काळवंडली, पुन्हां उजळली, पण बहिरी ती बहिरीच. यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें. नव्या नांवाचें खातें उघडून पाहिलें, म्हणजे आमच्या जुन्या सेटिंगांचा दोष असल्यास कळावें. फल तेंच.

शेवटीं असें दिसून आलें कीं पट्टी सगळीच मेलेली नाहीं. केवळ डावीकडचा तिसरा हिस्सा निकामी आहे. मग आवाजाचें चिन्ह उजवीकडे ठेविलें, तें चाललें. तेंच डावीकडे नेलें, तें थंड पडलें. चिन्ह तेंच, बोट तेंच, प्रोग्रॅम तोच. बदलली ती जागा. दोष कांचेंत होता.

दुरुस्तीवाला म्हणाला, पट्टी एकटी बदलतां येणार नाहीं, वरचा सगळा भागच बदलावा लागेल. त्यानें सांगितलेली रक्कम ऐकून आम्हीं त्याचे आभार मानले व यंत्र घरीं आणलें. परंतु दुर्दैवानें 'एस्केप'चें ठाणें डाव्या टोकासच असतें, आणि तेथून त्यास हलवितां येत नाहीं. तेव्हां सेटिंगांत जाऊन 'कॅप्स लॉक' या आळशी कळीस एस्केपचें काम नेमून दिलें. आठ दिवसांत डाव्या करंगळीस सवय झाली.

अशा पट्ट्यांचा इतिहास फारसा दीर्घ नाहीं. लेनोव्होनें २०१४ सालीं आपल्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनवर कळांऐवजीं स्पर्शाची ओळ घातली व पुढच्याच वर्षीं कळा परत आणल्या. अ‍ॅपलनें २०१६ सालीं 'टच बार' आणला. २०१९ सालच्या सोळा इंची यंत्रांत एस्केपची कळ निराळी काढून दिली. २०२१ सालीं मोठ्या यंत्रांवर कळांची सबंध ओळ परतली, आणि २०२३ सालीं पट्टीचें शेवटचें यंत्रहि विक्रींतून गेलें.

कारण उघड आहे. कळेचें स्थान हातास पाठ होतें. पट्टी मात्र दर वेळीं डोळ्यांस खालीं बोलावते. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास खालीं पाहणें म्हणजे आधीं चष्मा सांवरणें, मग चिन्ह शोधणें, आणि तोंवर लिहावयाचें वाक्य अर्धेंअधिक विसरून जाणें. डोळे दिवसेंदिवस मंद होत जाणार. हाताचें ज्ञान त्यामानानें उशिरां जातें. जें यंत्र त्या ज्ञानास काम देतें, तें आम्हांस म्हातारपणीं अधिक उपयोगी पडेल. पट्टीचा उजवा भाग अजून चालतो. पण आमचा हात तिकडे क्वचितच जातो.