‘आज नको’ म्हणता आलं पाहिजे

संपादकांनी विचारलं, माणसं अनोळखी माणसाला मदत का करतात यावर लिहाल का? रक्तपेढीतल्या डॉक्टरला हे विचारणं साहजिक आहे. आपलं रक्त कोणाला गेलं, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. पण माझ्या डोक्यात गेल्या उन्हाळ्यातल्या शिबिरातला एक मुलगा घोळतोय.

भर मे महिन्यात त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाची बटणंही लावलेली. फॉर्मवरच्या सगळ्या प्रश्नांना ‘नाही’. शीर बघायला बाही वर केली, तर कोपराच्या वर राजमुद्रा गोंदवलेली; इतकी ताजी की कडेची खपली अजून निघायची होती. टॅटू काढल्यावर वर्षभर रक्त घेत नाहीत. तो अजिजीनं म्हणाला, “मॅडम, ताईनं गाडी घेतलीय. तिच्यासाठी हेल्मेट पाहिजे होतं.” शिबिरात प्रत्येक रक्तदात्याला हेल्मेट मिळणार होतं.

त्याचा हेतू वाईट होता असं मला म्हणवत नाही. निरंकारी मंडळी २४ एप्रिलला, मानव एकता दिवसाला, रांगा लावतात. कॉलेजं बंद आणि अर्धं शहर गावी गेलेलं असताना त्या पिशव्यांचा केवढा आधार होतो! त्याआधी १४ एप्रिलला भीमजयंतीची शिबिरं. मोहरमला, ईदला मोहल्ल्यांतली. गणेश मंडळं, साहेबांचे वाढदिवस, आयटी कंपन्या. कोणी श्रद्धेनं येतं, कोणाला मित्र ओढून आणतो, कोणाच्या आईला बाळंतपणात कोणा परक्याचं रक्त मिळालेलं असतं. हेतूंची प्रतवारी लावायचं मी कधीच सोडलं. मी एकच बघते: या माणसाला इथून, रक्त न देता, मान खाली न घालता परत जाता येईल का?

हे महत्त्वाचं का, ते सांगायला थोडं तांत्रिक बोलावं लागेल. प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. पण संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. त्याला आम्ही विंडो पीरियड म्हणतो. नॅट चाचणीनं तो खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. त्या फटीत रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट असते, दात्यानं फॉर्मवर लिहिलेलं खरं उत्तर. “मशिनं आहेत ना तुमच्याकडे!” असं सुशिक्षित माणसं म्हणतात, तेव्हा मला फार त्रास होतो.

पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे बंद झाले. १ जानेवारी १९९८ पासून बंदी लागू झाली. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकानं १९७० मध्येच मांडलं होतं की पैसे दिले की देण्याची वृत्ती आटते आणि रक्तही धोक्याचं होतं. त्यावर आमच्या क्षेत्रात आजही भांडणं होतात. स्वीडनमधल्या योटेबोरीत मेलस्ट्रॉम आणि योहानेसन यांनी ते तपासून पाहिलं. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. दाता होण्यासाठी तपासणीला याल का, असं तीन गटांना विचारलं. नुसतं विचारलं तेव्हा ५२ टक्के स्त्रिया तयार झाल्या. ५० क्रोनर देऊ म्हटल्यावर ३० टक्के. तेच पैसे हवे तर कर्करोगग्रस्त मुलांच्या निधीला द्या, अशी मुभा दिल्यावर पुन्हा ५३. पुरुषांत मात्र फारसा फरक पडला नाही. पुढे २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये लॅसेटेरा आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष शिबिरांवरचे अभ्यास एकत्र मांडले. त्यांत भेटवस्तूंनी बहुतेक ठिकाणी दाते वाढले होते आणि सुरक्षितता ढासळल्याचं सहसा दिसलं नव्हतं.

हा पुरावा माझ्या मताच्या विरुद्ध जातो आणि तो मला गंभीरपणे घ्यावा लागतो. तरी तो मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. मला खटकते ती हेल्मेटची अट: सुई टोचली तर मिळेल, नाही तर नाही. खरं बोलण्याची किंमत त्याच्या ताईनं मोजायची.

भेटवस्तूशिवायही हेच घडतं. “आधी बदली रक्तदाता आणा,” असं आजही नातेवाइकांना सांगितलं जातं. मग काकांच्या ऑपरेशनसाठी आलेला पुतण्या सगळ्या भाऊबंदांसमोर फॉर्म भरतो. त्याला कावीळ होऊन गेली असेल, तर तो ती कोणासमोर सांगणार? मदतीला आलेल्या माणसावर आपण खोटं बोलायची वेळ आणतो, याचा मला राग येतो.

म्हणून आता मी आयोजकांपुढे दोनच मागण्या ठेवते. फॉर्म भरायचं टेबल मांडवाच्या आडोशाला, मित्रमंडळींपासून लांब हवं. आणि वस्तू द्यायचीच असेल, तर टेबलापर्यंत आलेल्या प्रत्येकाला द्या, रक्त घेतलं असो वा नसो.

पहिली मागणी लगेच मान्य होते. दुसरीवर एका मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, मग लोक नुसतं हेल्मेट न्यायला येतील.” येऊ देत. त्यांतल्या एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन साडेबाराऐवजी नऊ निघालं, तर ते तिला त्याच दिवशी कळेल, ती औषध घेईल, आणि पुढच्या वर्षी याच मांडवात यायला तिला संकोच वाटणार नाही. अध्यक्षांनी खर्चाचा हिशेब करून सांगतो म्हटलंय.