ठाण्याहून कल्याण, परतताना डोंबिवली

वाचकहो, हवापालटासाठी ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण येथे जा, असे कोणताही वैद्य सांगणार नाही. तरीही एखाद्या शनिवारी दुपारची गर्दी ओसरली की या सुमारे वीस किलोमीटरांच्या पट्ट्यात आपण एक फेरी मारावी, असे मी सुचवतो. फोन आणि त्यामागचे आंतरजाल आपल्या घरांत किती खोलवर शिरले आहे, हे स्वतःच्या घरात बसून दिसत नाही. परक्या गावच्या रस्त्यावर ते चटकन दिसते.

आरंभ तलावपाळीपासून करावा. मासुंदा तलावाच्या एका बाजूस कौपिनेश्वराचे देऊळ आहे, पलीकडे गडकरी रंगायतन आहे आणि मध्ये संथ पाण्यावर होड्या आहेत. कट्ट्यावर बसलेली कुटुंबे निरखून पाहा. आजोबा तलावाकडे पाहत असतात, आईवडील आपापल्या फोनकडे आणि बाबागाडीतले मूल तिसऱ्या फोनवरील गाण्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. वर्षभराच्या आतील मुलाला पडदा दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून तासाभराहून अधिक दाखवू नये. आईवडिलांना दोष देण्याची मात्र मला घाई नाही. सकाळची गाडी पकडून रात्री परतणाऱ्या माणसाला अर्धा तास शांतता हवी असते आणि फोन ती तत्काळ देतो. पाण्यात बदके होती. त्यांच्याकडे बोट दाखवले की मूल मान वळवते, इतके मी पाहिले आहे.

याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था उभी केली. आज तिची व्याख्याने आणि संवाद यूट्यूबवर घरबसल्या ऐकता येतात. मानसोपचारतज्ज्ञाच्या दाराशी जाण्यास संकोचणारा माणूस रात्री कानात श्रवणयंत्रणा घालून तेच ऐकतो, आणि कधी कधी त्यातूनच पुढे त्या दाराशी जाण्याचे धैर्य त्याला लाभते. आंतरजालाच्या नावाने बोटे मोडताना ही बाजूही ध्यानी असावी.

आता स्थानकात या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन याच ठाण्यात आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. एके काळी या मार्गावरील डब्यांत भजनी मंडळे रंगत. बायकांच्या डब्यात मटार सोलले जात, पालेभाजी निवडली जात, हळदीकुंकूही होई. ते सारे संपले असे नाही, विरळ झाले आहे. गाडी किती मिनिटे उशिरा आहे हे आता एम-इंडिकेटरवर कळते, म्हणून फलाटावर शेजाऱ्याला विचारण्याचे कारण उरलेले नाही. आणि त्या एका प्रश्नातून जुळलेली ओळख पुढे वीस वर्षे टिकल्याची उदाहरणे या मार्गावर घरोघरी सापडतील.

जुन्या प्रवाशांना पारसिकचा बोगदा आठवत असेल. १९१६ साली खुला झालेला, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा. २०२२ च्या आरंभापर्यंत जलद लोकल त्यातून धावत. आत शिरताच अंधार होई, फोनचा संपर्क तुटे आणि मिनिटभर डब्यातील सगळ्या माना वर येत. कोणी जांभई देई, कोणी समोरच्याकडे पाहून उगाच हसे. आता या गाड्या नव्या रुळांवरून मुंब्र्यामार्गे जातात आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आहे. सोय झाली, हे खरे. मला मात्र ते मिनिट आठवते. मुंब्र्याला उजव्या हाताचा डोंगर पाहावा, त्यानंतर डावीकडे खाडी. डोळ्यांचे वैद्य सांगतात की वीस मिनिटे पडद्याकडे पाहिले तर वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. पडद्याकडे टक लावली की पापण्या मिटण्याचे प्रमाण घटते आणि डोळे कोरडे पडतात. खाडी वीस फुटांहून पुष्कळ दूर आहे.

डोंबिवलीला उतरू नका; तेथे परतताना यायचे आहे. थेट कल्याण गाठा. दुर्गाडी किल्ला पाहा, १८६४ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय पाहा आणि तेथे घटकाभर बसून एका कल्याणकर मुलीची आठवण करा. वाचनालय सुरू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, आनंदीबाई जोशी यांचा जन्म या गावी झाला. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडील नियतकालिकात छापले गेले. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे हाताशी आलेला अंक त्यांनी चाळला, हे पत्र वाचले आणि अनोळखी मुलीला पत्र धाडले. आपणही दवाखान्यात वाट पाहताना हाताशी असेल ते चाळत असतो. फरक इतकाच की पुढली तीन वर्षे त्या दोघी एकमेकींना न पाहता लिहीत राहिल्या. पत्र जहाजाने जाई आणि उत्तराला आठवडे लागत. आनंदीबाईंनी डोकेदुखी, ताप, अशक्तपणा कळवला, तेव्हा या मानलेल्या मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली. ती लागू पडली नाहीत. १८८३ मध्ये दोघींची भेट झाली. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

दूरच्या माणसाचे आजारपण दुरून कितपत कळते, हा प्रश्न मनात घेऊन परतीची गाडी धरा आणि डोंबिवलीला पूर्वेस उतरा. स्थानकापासून गणेशमंदिराकडे जाणारा फडके रस्ता दिवाळीच्या पहाटे तरुणाईने फुलतो, हे आपण ऐकले असेलच. फोन नव्हते तेव्हापासूनची ही रीत आहे. अभ्यंगस्नान उरकायचे, नवे कपडे घालायचे, गणपतीचे दर्शन घ्यायचे आणि रस्त्यावर उभे राहायचे. कोणी कोणास वेळ दिलेली नसे, तरी पुण्याला गेलेला मित्र किंवा सासरी गेलेली मैत्रीण तेथे हमखास भेटे. आता सर्वांचे सारे आधीच ठाऊक असते: कोणाचे लग्न ठरले, कोण वजनाने सुटले. तरीही माणसे येतात, याचे मला मोठे नवल वाटते.

या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर माझी मावशी राहते. एकटीच असते, मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याच्या जेवणाच्या सुटीत, म्हणजे तिकडच्या साडेबाराला, तो रोज व्हिडिओवर येतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका आपली घड्याळे तासभर मागे घेते आणि डोंबिवलीतील माझ्या मावशीची झोप त्या दिवसापासून अकरावर जाते. मार्चपर्यंत ती तशीच राहते. पहाटे पाचला उठण्याची तिची सवय मात्र बदलत नाही.

गेल्या थंडीत मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिच्या पायांवर सूज होती. अंगठ्याने नडगीवर काही क्षण दाबले तर खळगा पडून तसाच राहत होता. महिन्याभरापासून आहे, म्हणाली. मुलाला ठाऊक नव्हते. तो रोज तिचा चेहरा पाहत होता. हसरा, कुंकू लावलेला, दिव्याच्या उजेडात बसलेला. पाय चौकटीत येतच नव्हते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेला एक काढा मात्र ती नेमाने घेत होती. मी तिला डॉक्टरांकडे नेले. तपासण्या झाल्या. रक्तदाबाच्या एका गोळीचा तो परिणाम निघाला. गोळी बदलली आणि सूज उतरली. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या विकारांतही अशीच सूज येते, म्हणून आपल्या घरी कोणाच्या पायांवर ती दिसल्यास काढ्यावर महिना घालवू नका, आणि चालू असलेली गोळीही स्वतःहून बंद करू नका.

तेव्हापासून त्यांच्या संभाषणात थोडा बदल झाला आहे. रविवारी मुलगा सांगतो, "आई, फोन खाली कर, पाय दाखव." ती लटक्या रागाने पुटपुटते, पण दाखवते. शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली दिली आहे आणि त्यांचा क्रमांक मुलाच्या फोनात आहे. हिवाळ्यात तो आता तिकडच्या सकाळी साडेनऊला, कामावर पोचताच, फोन करतो. तेव्हा येथे रात्रीचे आठ असतात. मागच्या शनिवारी मी तेथेच होतो. फोन वाजला तेव्हा मावशीचे ताट वाढलेले होते. तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि मुलाला म्हणाली, "थांब हां, आधी आमटी गरम करून आणते."