पत्रांची थैली

जळगावाहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निघालेली टपालाची थैली पूर्वी आमच्या मनमाडला गाडी बदलत असे. एकीकडे मुंबई-भुसावळचा मुख्य लोहमार्ग, दुसरीकडे १८७८ साली सुरू झालेला दौंड-मनमाड मार्ग, आणि त्यांच्या सांध्यावर आमचे गाव. फलाटावर गाडीची वाट पाहत उभे असताना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील त्या थैल्या कधीकधी आमच्या डोळ्यांपुढे येतात. कोणाकोणाची अक्षरे इथून गेली असतील!

त्या काळी इंग्लंडच्या गादीवर सातवा एडवर्ड होता. लंडनमधले लेखक आणि चित्रकार सकाळी मित्राला पत्र टाकीत आणि संध्याकाळपर्यंत त्याचे उत्तर मिळवीत. त्यांच्या पत्रांचे खंडच्या खंड छापून निघाले आहेत. आपल्याकडे असा मित्रमेळा नव्हता, असे मात्र वाचकांनी समजू नये. जळगावला नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवीत होते. खानदेशातच, फैजपूरला, केशवसुत काही वर्षे शिक्षक होते. नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तेव्हा धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला डॉ. कीर्तिकरांनी ‘बालकवी’ म्हणून गौरविले. पुढे टिळकांनी त्या मुलाला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले, आणि लक्ष्मीबाई त्याची आई झाल्या. या मंडळींजवळ पैसा नव्हता. परंतु १८७९ पासून पाव आण्यात पोस्टकार्ड मिळत होते, आणि पाव आण्यात मैत्री टिकविता येत होती.

टिळक पतिपत्नींच्या आयुष्यात तर पत्राचे मोल याहून मोठे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. पुढची चार-पाच वर्षे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. मधला धागा मुख्यतः पत्रांचाच. १९०० साली लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. टिळक प्रॉटेस्टंट होते, आपण कॅथलिक; परंतु धर्मांतरित घरातील तो ताण आपल्या कित्येक कुटुंबांच्या आज्या-पणज्यांनी सोसलेला आहे, म्हणून ही कथा आम्हांस परकी वाटत नाही.

मग एका वर्षात सारे संपले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली बालकवी गेले; तो लोहमार्गही आमच्या मनमाडवरूनच येतो. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे मित्र राम गणेश गडकरी गेले आणि ९ मे १९१९ रोजी स्वतः टिळक. त्यांनी एकमेकांना लिहिलेली बहुतेक पत्रे काळाच्या पोटात गेली. आज ही माणसे हसता-भांडताना आपल्याला दिसतात ती प्रामुख्याने लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने जे पत्रांत राहिले नाही ते स्मरणात ठेवले.

दुसऱ्याची पत्रे वाचावीत का, हा प्रश्न आम्हांस पूर्वीपासून छळतो. प्रायश्चित्त संस्कारातील मौन ज्याने आयुष्यभर पाळायचे, त्याला बंद पाकिटाचा आदर असणारच. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी किती एकान्तप्रिय! १९८७ साली ते वारले आणि त्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले. सुनीताबाई देशपांडे यांनी जी.एं.ना लिहिलेली पत्रे २००३ साली ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली. ती हाती घेताना आम्ही जरा संकोचलो, हे खरे. परंतु वाचून झाल्यावर त्या दोघांविषयीचा आदर वाढलाच. पत्र लिहिणारा माणूस चांगला दिसण्याचा प्रयत्न फार वेळ करू शकत नाही. तिसऱ्या-चौथ्या पानावर तो दमतो आणि मग खरा बोलू लागतो. आमचे वडील तर आंतरदेशीय पत्र पूर्ण भरले की उरलेला मजकूर कडेने उभा लिहीत, आणि सेमिनरीत आम्ही पत्र फिरवून आधी ती कडच वाचत असू. आईच्या दुखण्याची बातमी नेहमी तिथे असे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी पत्र्याची पेटी घेऊन आली. वडील रेल्वेत होते, बदलीच्या गावी एकटे राहत. आई मुलांना घेऊन मनमाडला. वडील आधीच गेले होते, आता आईही गेली, आणि पेटीत दोघांची पत्रे निघाली. तिने वरवरची काही पाहिली होती. बहुतेकांत रॉकेल, शाळेची फी, कौले शाकारणे. दोन पत्रांत मात्र कडाक्याचे भांडण होते.

“फादर, जाळून टाकू का?” तिने विचारले. “भावांच्या हाती पडली तर?”

आम्ही नको म्हणालो. वर्षाच्या मिस्साबलिदानापर्यंत पेटी बंद ठेव, मग भावांना बोलावून सर्वांनी एकत्र बसून वाचा, असे सांगितले.

“आणि ती दोन?”

ती आधी वाचा, आम्ही म्हणालो, आणि त्यांच्या पुढच्या महिन्याचे पत्र शोधून त्याच बैठकीत वाचा.

तिने तिथेच पेटी उघडली आणि तारखा पाहू लागली.