रंगीत तालीम

नाणेघाटाच्या पायथ्याशी आमचे वैशाखरे. इथे फुटबॉल म्हणजे पाहुणाच! तरी १८ सप्टेंबर २०२२ च्या रविवारी चार पोरे माझ्या ओटीवर मोबाइलभोवती जमली होती. ड्युरँड चषकाची अंतिम लढत; मुंबई सिटीची हंगामापूर्वीची रंगीत तालीमच म्हणा ना! बंगळुरूने २-१ असे हरवले. मी मास्तरी थाटात निकाल देऊन टाकला, "यंदा यांचे काही खरे नाही!"

पुढे इंडियन सुपर लीगमध्ये त्याच संघाने पहिले अठरा सामने हार पाहिली नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साखळीची ढाल जिंकली. पोरे नाचली. माझ्या मात्र काळजात चर्र झाले.

त्याच पावसाळ्यात, पहिल्या चाचणीचे गुण पाहून, कातकरवाडीतल्या एका पोराला मी भर वर्गात म्हणालो होतो, "तुझ्याने व्हायचे नाही." दिवाळी सरली, आईबापांबरोबर तो वीटभट्टीवर गेला, तो परतलाच नाही. संघाला निदान सामने तरी होते. त्याचा हंगाम मी सुरू होण्याआधीच संपवला.

आता तालमीतल्या चुका मी टिपून ठेवतो, समजावतो. निकाल मात्र वर्षअखेरीस.