डीपीची घूं आणि मिरजेचा तानपुरा

वडूजच्या शिवारात लाइट आली की बांधाकडेची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, घूं करायला लागते. मोटार चालू करायच्या घाईत तिकडे कोण कान देणार? अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका पोरानं मात्र तो दिला.

ला माँट यंग, जन्म १९३५. ओंडक्यांच्या घराच्या फटींतून शिरणारा वारा ही त्याची आवाजाची पहिली आठवण. मग पेट्रोल पंपाजवळच्या ट्रान्सफॉर्मरची न थांबणारी घूं. ती त्याच्या कानातून कधी गेलीच नाही. १९६० मध्ये त्यानं एक रचना लिहिली. सूर फक्त दोन, आणि ते खूप वेळ धरून ठेवायचे. दोहोंतलं अंतर षड्ज-पंचमाचं! तानपुऱ्यावाचून त्याला तानपुरा सापडला होता.

१९६४ पासून तो पियानोच्या मागे लागला. नेहमीच्या पियानोत स्वरांची अंतरं सारखी वाटलेली असतात, म्हणून पंचम किंचित उतरलेला, गंधार चढा. यंगनं तारा नैसर्गिक प्रमाणांत लावल्या. १९८१ चं त्याचं वादन सुमारे पाच तासांचं आहे. सांगलीकरांना ही ओढ नवी वाटू नये. सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्येच बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मोजमापाला आधार होता.

१९७० मध्ये पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि यंग त्यांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँ यांच्या तालमीतले. त्याच घराण्याचे करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ पासून ते मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. गुरू प्राणनाथ १९९६ मध्ये गेले, तोवर यंग शिकत होता. नावाजलेल्या संगीतकारानं पस्तिशीत पुन्हा षड्जापासून सुरुवात करावी, याहून मोठी रचना त्याच्या नावावर नसेल.

त्याच्या न्यूयॉर्कमधल्या ‘ड्रीम हाऊस’मध्ये यंत्रांतून अखंड सूर वाहतात. ऐकणाऱ्यानं मान जराशी वळवली, तरी वेगळेच सूर पुढे येतात.

इकडे मिरजेत, शस्त्रांना धार लावता लावता वाद्यांकडे वळलेल्या शिकलगारांच्या गल्लीत, पंढरपूर भागातल्या भोपळ्याचा तानपुरा तयार होतो. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शेवटचं काम जवारीचं. कारागीर घोडीवर, तारेखाली दोरा सरकवतो, तार छेडतो, ऐकतो. पुन्हा केसभर सरकवतो.