गाळलेली हवा

आमच्या अंगणात एक डर्ट बाईक उभी असते. ती आमची नव्हे, पुतण्याची. शिक्षणासाठी तो कोल्हापुरात आमच्याकडे राहावयास आला, आणि दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या कमाईतून ही दुसऱ्या हाताची गाडी घेऊन आला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. यंत्राशी आमचे नाते किल्ली फिरवण्यापुरते. दिवा नाही, आरसा नाही, उंचच उंच सीट, अशा त्या गाडीकडे आम्ही प्रारंभी काहीशा नापसंतीनेच पाहत होतो.

त्या शनिवारी तो पन्हाळ्याच्या बाजूने सराव करून आला, तो गाडीला जांभ्याचा लाल चिखल लेवूनच. दुसऱ्या दिवशी शर्यत होती. तो दमून झोपी गेला आणि आमच्या मनात वात्सल्य दाटून आले. गच्ची धुण्यासाठी आणलेले प्रेशरचे यंत्र होतेच. आम्ही गाडी धुतली. कशी, तर सीटखालच्या फटीतला चिखलदेखील निघावा म्हणून नळीचे तोंड अगदी जवळ नेऊन! त्यानंतर आतले पाणी वाळावे या सद्हेतूने दहा-बारा किका मारल्या. गाडी एकदा खोकली, क्षणभर चालली आणि बंद पडली.

पहाटे त्याने किक मारली. काहीच नाही. आम्ही दारात उभे होतो. ‘‘रात्री पाऊस लागला असेल,’’ आमच्यापैकी एकजण म्हणाले आणि दुसऱ्याने मान डोलावली. कोणी काय केले, हे येथे महत्त्वाचे नाही. त्याची दृष्टी गुंडाळून ठेवलेल्या ओल्या नळीवर गेली. तो काही बोलला नाही.

त्याने सीट काढली. खाली एक काळी पेटी होती, आणि तिच्यात मुठीएवढा फोमचा फिल्टर पाणी पिऊन जड झालेला. पेटीच्या तळाशी लाल पाणी साचले होते. आम्ही पुन्हा किकेकडे वळलो, तेव्हा मात्र त्याने हात धरला. ‘‘काका, नको. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत जास्त गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल.’’ प्लग काढून त्याने हळूहळू किक फिरवली, तशी भोकातून पाण्याची फवार उडाली. कार्बोरेटरच्या वाटीतही पेट्रोलखाली पाण्याचे मणी दिसले. ऑईल तर दूध घातलेल्या चहासारखे झाले होते. शर्यत नऊ वाजता होती. नऊ वाजता आम्ही तिघेही अंगणात बसलेलो होतो.

मराठीत ‘गाळणे’ हे क्रियापद मोठे बहुप्रसव आहे. पाणी गाळतात, घाम गाळतात, अश्रू गाळतात. आणि आम्ही प्राध्यापक मंडळी आयुष्यभर गाळलेल्या जागा भरून घेतो. हवाही गाळावी लागते, हे मात्र आम्हांस वयाच्या चाळिशीनंतर कळले. त्यातही गंमत अशी, की फोमची छिद्रे धुळीच्या कणांहून मोठी असतात. धूळ अडते ती फोमला लावलेल्या चिकट तेलामुळे. आमच्या फवाऱ्याने ते तेलही धुऊन निघाले होते. पाणी एक वेळ वाळते. त्याबरोबर आत गेलेली माती सिलिंडरला ओरखडे पाडते.

दुपारी त्याने शांतपणे सारे समजावून सांगितले. गाडी धुण्यापूर्वी सीट काढायची, फिल्टर बाहेर घ्यायचा, पेटीतून इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडावर धुण्याचे खास झाकण घट्ट बसवायचे. झाकण नसेल तर जुन्याच फिल्टरवर प्लॅस्टिकची पिशवी रबराने आवळून तो जागी लावायचा. सायलेन्सरच्या तोंडाला बूच. धार सीटच्या सांध्यावर आणि बाजूच्या पत्र्यांच्या फटींवर कधीच रोखायची नाही. धुणे झाल्यावर आधी पेटी कोरड्या फडक्याने पुसायची, मगच झाकण काढायचे. नाहीतर काठावरचे पाणी नेमके त्या क्षणी आत उतरते. फिल्टर पेट्रोलने धुवायचा नाही, त्याचे जोड सुटतात. साबणाच्या कोमट पाण्यात दाबायचा, पिळायचा नाही; सावलीत पूर्ण वाळवायचा आणि सर्वत्र सारखा रंग येईपर्यंत तेल मुरवायचे.

हे सांगताना त्याच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाला ‘चूक कबूल कर’ म्हणून आम्ही किती वेळा सुनावले असेल! पावसाचे ते वाक्य तसेच हवेत राहिले होते. अखेर संध्याकाळी जेवणाच्या ताटावर आम्ही म्हणालो, ‘‘पाऊस नव्हता.’’

‘‘माहीत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘काकू, आमटी वाढा.’’

पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा चिखलात माखून आली. त्याने सीट काढली, झाकण बसवले, नळी मात्र स्वतःकडेच ठेवली. फिल्टर तेवढा आमच्या हाती दिला. आम्ही तो घंगाळात घेऊन बसलो. लाल गाळ तळाशी बसत होता.